विभागप्रमुखांमार्फत

भांडण सुरू झालं की माणसं एक तर मध्ये पडतात, नाहीतर लांब उभी राहून बघतात. आमचे सर तिसरंच करायचे. ते अगदी जवळ जाऊन उभे राहायचे, मनगटावरचं घड्याळ बघायचे, आणि दोघांपैकी ज्याला दम लागलाय त्याला हळूच विचारायचे, "पावणं, हात उचलायच्या आधी काय झालं, तेवढं सांगता काय?"

बहुतेक वेळा शिवी मिळायची, कधी धक्का. भाजी मंडईत दोघी विकणाऱ्यांची जुंपली होती तेव्हा एकीनं कोथिंबिरीची अख्खी पेंडी सरांच्या तोंडावर मारली. सरांनी ती झटकून परत तिच्या पाटीत ठेवली आणि म्हणाले, "हे मला झालं. पण हिला का मारलंसा, त्ये ऱ्हायलंच की." बाई इतकी गोंधळली की खरंच सांगायला लागली. जिला मार बसला होता तीही पदर खोचून शेजारी ऐकत उभी राहिली.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा विभागात आम्ही दोघंच. सर विभागप्रमुख आणि मी तात्पुरती. माझी नोकरी दर एप्रिलला संपायची आणि दर जूनला पुन्हा मुलाखत देऊन सुरू व्हायची. वेळापत्रक, हजेरी, प्रात्यक्षिकांच्या वह्या, कपाटाची किल्ली हे सगळं मी बघायची. सर आक्रमकता बघायचे. माणूस माणसाला का मारतो, हा एकच प्रश्न घेऊन ते वीस वर्षं गावभर हिंडत होते. मी एकदा म्हटलं, "सर, एवढं जमवलंय तर पीएच.डी. करून टाका." ते म्हणाले, "उत्तर मिळालं की करतो."

वर्गात ते सिद्धान्त फार छान शिकवायचे आणि तास संपायच्या आत स्वतःच मोडून टाकायचे. सर मूळचे हुपरीचे. वडील घरातच चांदीचे पैंजण करायचे, दिवसभर हातोडी. सर सांगायचे, "आमच्या वडिलांनी आम्हाला कधी बोट लावलं नाही. मला वाटायचं, दिवसभर चांदी ठोकून त्यांच्या हातातलं सगळं निघून जात असणार. यालाच विरेचन म्हणतात." मुलं लिहून घ्यायची. मग सर खडू ठेवून म्हणायचे, "आता शेजारचा ऐका. तीच चांदी, तीच हातोडी, तेवढेच तास. आणि संध्याकाळी बायकोला मारायचा. आता सांगा." मुलं हेही लिहून घ्यायची. एका वर्षी परीक्षेत सगळ्या वर्गानं सिद्धान्ताखाली शेजाऱ्याचं उदाहरण दिलं, आणि बाहेरच्या परीक्षकानं समासात लाल शाईनं विचारलं, "शेजारी कोण?"

हे सगळं मला पटायचं असं नाही. मला वाटायचं, माणसाला राग येतो, मारतो, विषय संपला. पण वर्गात मी तसं म्हणायची नाही, कारण अभ्यासक्रमात त्याला चाळीस गुण होते.

सरांचं सगळ्यात आवडतं ठिकाण म्हणजे एस.टी. स्टँड, आणि त्यातही कागलची गाडी. आमच्याकडे गाडी फलाटाला लागताना लोक खिडकीतून आत रुमाल टाकतात. रुमाल ज्या सीटवर पडला ती जागा त्याची. मग तो दारात रांगेत घुसून, पाच-सात मिनिटांनी का होईना, आत येऊन बसतो. आधी चढलेला माणूस मोकळ्या सीटवरच्या रुमालाकडे बघत उभा राहतो. कायदा नाही, पावती नाही, तरी चालतं. न चालल्यास तिथंच भांडण होतं.

सरांना हे म्हणजे घरबसल्या प्रयोगशाळा मिळाल्यासारखं झालं. ते स्वतः निरनिराळ्या वस्तू टाकून बघायचे. वर्तमानपत्र टाकलं तर कुणीही उचलून त्यावर बसतं. धुतलेला, घडीचा रुमाल सहसा कुणी हलवत नाही. मळका रुमाल हलवतात, पण हलवणारा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतो. चप्पल टाकली तर मारामारी नक्की. एकदा त्यांनी लिंबू ठेवलं. ती तीन जणांची सीट कागलपर्यंत रिकामी गेली, आणि माणसं उभी. कंडक्टरही तिला अंग लागू न देता तिकिटं फाडत होता. हे सांगताना सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, हसून.

सर राहायचे कोल्हापुरात. कागलला त्यांचं कोणी नव्हतं. पण भांडण सुटायच्या आत गाडी सुटली, तर सरही गाडीत. भांडण कागलपर्यंत गेलं तर सर कागलपर्यंत जाऊन दुसऱ्या गाडीनं परत यायचे. मी रोज कागलहून ये-जा करायची, त्यामुळे कधी कधी पुढच्या दाराशी त्यांचं टक्कल दिसायचं. मी ओळख द्यायची नाही. दिवसभर कॉलेजात त्यांना ऐकलेलं असायचं.

आता मुख्य गोष्ट सांगते. मी सरांना थोबाडीत मारली.

शनिवार होता, दुपारची गाडी. मी पळत जाऊन तिसऱ्या खिडकीतून रुमाल टाकला आणि दारातून घुसत आत आले. बघते तर माझ्या सीटशेजारी सर. माझा रुमाल दोन बोटांत धरून त्याची किनार निरखत होते. सीटवर कुणीतरी भलतेच आजोबा टेकायच्या बेतात होते. सरांनी मला पाहिलं आणि लग्नात जुना मित्र भेटावा तसा त्यांचा चेहरा फुलला.

"अरे, मॅडम! तुमचा व्हय हा? तुम्ही पण टाकता?"

आणि मी मारली. उजव्या हाताची, पुरी. आवाज ऐकू आला तो चष्मा पडल्याचा. पुढच्या बाकांवर आमच्याच कॉलेजची मुलं होती. मी सरांच्या हातातला रुमाल घेतला, आजोबांना "सरका" म्हटलं आणि बसले. हे बसणं मला मारण्यापेक्षा जास्त स्पष्ट आठवतं. सीट तापलेली होती.

सरांनी वाकून चष्मा शोधला. गाडीला म्हणाले, "काय न्हाय, काय न्हाय." आणि खाली उतरले. मग बाहेरून माझ्या खिडकीखाली आले. एक गाल लाल झालेला. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, सोमवारी बोलूया. तवर कुणाला सांगत बसू नगा. सांगताना बदलतंय ते."

सोमवारी ते माझ्या आधी येऊन बसले होते. दोन चहा मागवले होते. मी माफी मागितली. ते म्हणाले, "ते असू दे. आधी काय झालं, सांगा."

"माहीत नाही, सर."

"वैफल्य? सात वर्षं तात्पुरती नोकरी, तुमच्या मालकांच्या कारखान्यात टाळेबंदी..."

"ते सात वर्षं आहे. सात वर्षांत मी कुणाला मारलं?"

"लहानपणी घरात बघितलं असंल. कोण मारायचं?"

"आमच्या वडिलांनी बैलालासुद्धा कधी चाबूक लावला नाही."

"गर्दी. गर्दीत माणसाला वाटतं, आपल्याला कोण ओळखत न्हाय."

"पुढं तीन बाक आपलीच मुलं होती, सर. आणि तुम्ही मला 'मॅडम' म्हणून हाक मारली."

"मी 'तुम्ही पण' म्हटलो, त्ये लागलं?"

यावर मी थांबले. लागलं असेल. पण हात त्याच्या आधीच वर गेला होता की नंतर, हे मला सांगता येईना. ओळखलं होतं, एवढं नक्की. हा कुणी परका नाही, हे आपले सर आहेत, हे कळलं आणि मग मारलं. दोन्हीच्या मध्ये वेळ होता. तेवढ्या वेळात मला हात खाली घेता आला असता. 

सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. "मॅडम," म्हणाले, "वीस वर्षांचं काम तुम्ही अवघड करून ठेवलंसा." आणि इतके खूश दिसले की मला पुन्हा एकदा मारावीशी वाटली. हे मी त्यांना सांगितलं नाही.

मंगळवारी प्राचार्यांनी बोलावलं. गाडीत संस्थेच्या एका संचालकांचे पाहुणे होते. गोष्ट वरपर्यंत गेली होती. तीन दिवसांत लेखी खुलासा द्यायचा होता. आणि तीन आठवड्यांवर माझी मुलाखत होती. ती एप्रिल-जूनची नव्हे, कायमच्या जागेची. सात वर्षांत पहिल्यांदा जागा निघाली होती. खुलासा समाधानकारक नसेल तर मुलाखतीला बोलावता येणार नाही, असं प्राचार्य म्हणाले. मुलाखत नाही म्हणजे जूनपासून घरी. घरी नवरा आधीच बसलेला होता आणि दोन मुली शाळेत होत्या.

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. पंख्याकडे बघत म्हणाले, "बाई, गर्दीत बायकांना काय काय सोसावं लागतं, आम्हाला का कळत नाही? पाठमोरा माणूस कोण आहे हे काय दिसतं? तुम्हाला काहीतरी वाटलं असणार. तसं लिहा. कोण काही म्हणणार नाही."

मी घरी येऊन रात्री लिहायला बसले. "का मारलं हे मला माहीत नाही" असं एकदा लिहून बघितलं. ते वाचून मलाच मला नोकरीवर ठेवावंसं वाटेना. तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला:

"बसमध्ये अतिशय गर्दी होती. स्त्री म्हणून रोज प्रवास करताना येणाऱ्या अनुभवांमुळे मला सतत सावध राहावे लागते. त्या क्षणी माझ्याकडून हात उचलला गेला. सरांविषयी माझ्या मनात आदर आहे."

चारही वाक्यं खरी होती. खोटं होतं ते एवढंच, की मी ती एकाखाली एक लिहिली.

आमच्याकडे कुठलाही अर्ज प्राचार्यांकडे सरळ जात नाही, विभागप्रमुखांमार्फत जातो. रजेचा अर्ज असो, खडूची मागणी असो, नाहीतर विभागप्रमुखांना मारल्याचा खुलासा असो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मी तो कागद सरांच्याच टेबलावर ठेवला. वेळापत्रक द्यावं तसा.

सरांनी दोनदा वाचला. मी खिडकीतून बाहेर सायकल स्टँडकडे बघत होते.

"एवढं 'अतिशय' तेवढं काढा," म्हणाले. "गर्दी न्हवती एवढी. मी मोजलंतं. एकोणीस माणसं उभी होती."

मी 'अतिशय' खोडलं.

"सर, यातून लोक भलतंच काढतील."

"काढत्यात की." त्यांनी खाली डावीकडे लिहिलं, 'पुढे पाठविले', सही केली, तारीख घातली, शिक्का मारला. शिक्का जरा तिरका बसला म्हणून परत एकदा मारला. "लोकास्नी कारण लागतंय, मॅडम. तुमच्याकडं न्हाय, माझ्याकडं न्हाय. हे बसतंय न्हवं? मग जाऊ दे."

लोक नेमकं काय काढतील हे त्यांना कळलं होतं का, याचा मी इतकी वर्षं विचार करते आहे. कधी वाटतं, सगळं कळून त्यांनी सही केली. कधी वाटतं, माणूस स्वतःच्या बाबतीत अगदी भोळा होता. आणि कधी, माझा स्वभाव चांगला नाही म्हणा, असंही वाटतं की एका कागदानं काय काय होतं हे त्यांना बघायचं होतं. तिन्ही एकाच वेळी खरं असू शकतं का, हे मला ठरवता आलेलं नाही.

मुलाखत झाली, जागा मला मिळाली. पेढे मी विभागातही वाटले. सरांनी दोन घेतले.

काय झालं ते हळूहळू झालं. पहिल्या बाकावरच्या मुली तिसऱ्या बाकावर गेल्या. सरांना शंका विचारायला मुलगी आली तर सोबत दुसरी दारात उभी राहायची. स्टाफरूममध्ये सर आले की एखादी बाई उठून पदर सारखा करायची. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर उत्तर देता आलं असतं. सर मात्र मला सांगायचे, "बघितलासा? तिसऱ्या बाकावर गेल्यात. किती दिवसांनी परत येत्यात बघू." एक महिन्यानं म्हणाले, "आल्या न्हाईत." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मंडईत जाणं मात्र चालू होतं.

सरांच्या बायको कॉलेजात कधी आल्या नव्हत्या. एका दुपारी आल्या, दारातच उभ्या राहिल्या. मी "या वहिनी, बसा" म्हटलं.

"बसायला न्हाय आले. एक इचारायचंय, बाई. ह्यांनी तुमास्नी हात लावला व्हय?"

"नाही, वहिनी. मुळीच नाही."

"न्हाय न्हवं?" त्या एकदम एकेरीवर आल्या. "मग कागदात काय लिवलंस?"

"कागदात तसं काही नाही. मी तुम्हाला वाचायला देते."

"मला वाचाया येतंय. आमच्या गल्लीत तुजा कागद कुणी वाचला न्हाय, आन् समद्यास्नी ठावं हाय. आता ह्यो खुळा माणूस भांडान बघाय गेला की बाया म्हणत्यात, बायकांत घुसायला जातंय थेरडं."

त्यांनी मला मारलं असतं तर मी समजू शकले असते. पण त्या पायरी उतरून गेल्या. हातात पिशवी होती. बहुधा बाजारालाच निघालेल्या.

जागा कायम झाल्यावर मला खरं सांगता आलं असतं. कुणी विचारलं नाही. हे काही कारण होत नाही, मला कळतं. वर्गात मुलांनी असं कारण दिलं तर मी अर्धा गुण कापते.

सर निवृत्त झाले आणि हुपरीला परत राहायला गेले. निरोप समारंभात प्राचार्य त्यांच्या संशोधक वृत्तीबद्दल बोलले. सर उत्तराला उठले आणि म्हणाले, "मला अजून कळलेलं नाही. मॅडम बघतील पुढं." सगळे हसले. मी विभागप्रमुख झाले. आता अर्जांवर 'पुढे पाठविले' मी लिहिते. मुलांना सिद्धान्त शिकवते तेही सरांसारखेच, फक्त मोडत नाही. वेळ पुरत नाही.

चार-पाच वर्षांनी भाचीच्या लग्नाचे पैंजण सांगायला मला हुपरीला जायचं होतं. रुमाल टाकावा लागला नाही, गाडीला गर्दी नव्हती. मी खिडकीशी बसले, शेजारची जागा रिकामी. दोन बाकं पुढं एक कॉलेजची मुलगी, तिच्याशेजारीही रिकामी. आणि वाटेत दांड्याला धरून सर उभे. खूप वाळलेले, हातात औषधांची पिशवी. डोळे दाखवायला कोल्हापूरला आले होते.

"सर! बसा की इथं."

त्यांना आनंद झाला, खरा. "मॅडम! बऱ्या हाईसा? नगं, हितंच बरं हाय."

"अहो, पाऊण तास आहे हुपरी."

"सवय हाय."

गाडी सुटली. कंडक्टर तिकिटं फाडत आला. "ओ आजोबा, वाटंतनं सरा. दोन-दोन जागा हाईत, बसा की."

"पुरुषमाणसाशेजारी झाली की बसतो," सर म्हणाले. तिकिटाला किती द्यायचे सांगावं, तितक्या साधेपणानं.

कंडक्टर माझ्याकडे बघून हसला. "मावशी, ह्यांचं कायमचंच हाय. येतील तवा असंच. हुपरीपातूर उभं येत्यात, पर बाईशेजारी बसत न्हाईत. देवाचं काय धरलंय का काय, कुणास ठावं."

वळणावर गाडी कलली, सरांचा हात दांड्यावरून सुटता सुटता राहिला. मी उठले, त्यांचं मनगट धरलं आणि ओढून त्यांना माझ्या शेजारी बसवलं. बसवलं म्हणजे आपटलंच. पिशवीतल्या बाटल्या वाजल्या. पुढची मुलगी मागं वळून बघायला लागली. सर उठायला लागले, मी आणखी घट्ट धरलं.

"दुखतंय वो," ते म्हणाले.

मला माहीत होतं दुखतंय. हाड हाताला लागत होतं. मी सोडलं नाही. मला राग आला होता, पण तो त्यांचा होता, माझा होता, की गाडीभर माणसांचा, ते कळत नव्हतं, आणि हात ढिला होत नव्हता.

कंडक्टर दोन पावलं मागं आला. "काय ओ? भांडान हाय काय?"

"न्हाय, न्हाय," सर म्हणाले. "ओळखीच्या हाईत."